शून्य ते सहा वयोगटातील शीघ्र हस्तक्षेप : नाशिक जिल्ह्यात काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकासात मागे पडलेल्या किंवा दिव्यांगत्व असलेल्या लहान मुलांबरोबर नाशिक शहरात आणि तालुक्यांत काम करणाऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले हे प्रश्न आहेत. विचारणाऱ्यांत अंगणवाडी सेविका आहेत, आशाताई आहेत, तपासणी पथकातले डॉक्टर आहेत, नुकतीच पदवी घेतलेले फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षक आहेत. पालकांनी वाचली तरी समजतील अशीच उत्तरे ठेवली आहेत, पण रोख व्यावसायिकांकडे आहे, कारण सल्ला देणाऱ्याच्या चुकीचे भोग शेवटी मुलाच्या वाट्याला येतात.

शीघ्र हस्तक्षेप म्हणजे नेमके काय? तो नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा आहे का?

मुलाच्या विकासात अडथळा आहे, किंवा तो येण्याची शक्यता आहे, हे लक्षात आल्याबरोबर, निदानाचे नाव पक्के होण्याची वाट न पाहता, मुलाला आणि त्याच्या घराला मिळालेली मदत म्हणजे शीघ्र हस्तक्षेप. औषधे, शस्त्रक्रिया, चष्मा, श्रवणयंत्र, व्यायाम हे सगळे त्यात येते. मात्र बाळाला कसे उचलायचे, कसे भरवायचे, त्याच्याशी कसे बोलायचे आणि त्याच्या उत्तराची वाट कशी पाहायची, हे घरातल्या माणसांना जमू लागले की मगच काम सुरू झाले असे आम्ही धरतो.

लवकर करण्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे : पहिल्या तीन वर्षांत मेंदूतल्या जोडण्या फार वेगाने तयार होतात, वापरात येणाऱ्या टिकतात आणि न वापरलेल्या गळून जातात. दुसरे कारण तितके बोलले जात नाही. उशीर झाला की मूळ अडचणीवर नव्या अडचणी चढत जातात. ताठर स्नायू आखूड होतात, खुब्याचा सांधा हळूहळू जागा सोडतो, आणि आपले म्हणणे कोणालाच कळत नाही हे अनुभवलेले मूल ओरडणे, चावणे, डोके आपटणे हीच आपली भाषा करून घेते. या दुसऱ्या थरातला बराचसा भाग टाळता येण्याजोगा असतो.

"मुलगे उशिराच बोलतात", "याचा बापही उशिरा चालला" असे घरचे म्हणतात. आपण किती थांबावे?

थांबू नये. प्रत्येक मुलाची गती वेगळी असते हे खरे, पण त्यालाही मर्यादा आहे आणि ती मर्यादा आपल्याला तोंडपाठ हवी. बाळ तीन महिन्यांपर्यंत माणसाकडे पाहून हसत नसेल, चार महिने पूर्ण होऊनही मान धरत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचे होऊनही नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, तर त्याला पुढे तपासणीला पाठवायचे. आधी येत असलेली गोष्ट बंद झाली, म्हणजे शब्द गेले किंवा नजर मिळवणे थांबले, तर वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात पाठवायचे.

काही खुणा कौतुकाच्या आड लपतात. आठव्या महिन्यात बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेते आणि आजी म्हणते, "डावरे आहे हो आमचे." हाताची अशी पसंती वर्षाच्या आत ठरत नाही. ती इतक्या लवकर दिसली तर दुसऱ्या हाताची मूठ उघडते का, अंगठा आत दाबलेला राहतो का, त्या बाजूचा पाय कडक लागतो का, हे पाहावे. अगदी मऊ, शांत, कधीच न रडणारे बाळ 'गुणी' म्हणून वाखाणले जाते. तिथेही जरा थांबून पाहावे.

एक खूण मात्र तातडीची आहे. चार ते आठ महिन्यांच्या आसपासचे बाळ झोपेतून उठताना एकामागून एक दचकल्यासारखे करते, मान खाली जाते, दोन्ही हात वर येतात, काही सेकंदांनी पुन्हा तसेच होते. घरात याला पोटदुखी किंवा दचकणे म्हणतात. हा झटक्यांचा एक गंभीर प्रकार असू शकतो आणि त्याचे उपचार काही दिवसांत सुरू व्हावे लागतात. आईला मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करायला सांगावे आणि ते बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे.

पाठवल्यावर मूल नीट निघाले तर एक फेरी वाया गेली इतकेच. न पाठवल्याने गेलेले वर्ष भरून काढता येत नाही.

नाशिक जिल्ह्यात मुलाला कुठे पाठवायचे? साखळी कशी चालते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये सुरू झाला. जन्मजात दोष, कमतरतेमुळे होणारे विकार, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतल्या तीस स्थिती जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत शोधणे हा त्याचा आराखडा आहे. प्रसूती होते तिथे आणि पहिल्या सहा आठवड्यांत आशाताईंच्या गृहभेटींत पाहणी होते, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि पुढे शाळांत एकदा. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. त्यांनी शोधलेले मूल जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या डीईआयसीत जाते. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, नेत्र तपासणीस आणि समाजसेवक एका छताखाली असावेत अशी रचना आहे. एखादे पद रिकामे असू शकते, म्हणून पाठवण्याआधी फोन करावा. सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून, दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या आईला "आज मॅडम नाहीत" हे ऐकावे लागले, तर ती पुन्हा येईलच असे धरू नये.

साखळीतला कच्चा दुवा चिठ्ठी आणि केंद्र यांच्या मधला आहे. चिठ्ठी दिली म्हणजे मूल केंद्रात पाठवले असे होत नाही. सिव्हिलमध्ये कोणत्या दारातून जायचे, केसपेपर कुठे काढायचा, सोबत काय न्यायचे, संध्याकाळची परतीची गाडी किती वाजता आहे, हे चिठ्ठीच्या मागे लिहून द्यावे आणि आठवड्याने "गेला होतात का?" असे विचारावे. आशाताई पहिल्या फेरीला बरोबर गेल्या तर फारच उत्तम.

नवजात अतिदक्षता कक्षातून घरी आलेल्या बाळांचे काय?

या बाळांची यादी आपल्या हातात हवी, कारण जोखीम सर्वांत जास्त इथे असते. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासला गेलाच पाहिजे. फारच लहान, म्हणजे अठ्ठावीस आठवड्यांच्या आतले किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून कायमचे अंधत्व येऊ शकते. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन मिळाले तर बहुतेकांची दृष्टी वाचते, आणि ही वेळ दिवसांत मोजायची असते. बारशाच्या गडबडीत ती निघून गेलेली मी पाहिली आहे.

कानांसाठी एक-तीन-सहा हा आकडा लक्षात ठेवावा : पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र आणि वाचा-उपचारांची सुरुवात. थाळी वाजवून, टाळी वाजवून घेतलेली परीक्षा पुरेशी नाही, कारण बाळ सावलीकडे, हवेच्या झोताकडे किंवा जमिनीच्या थरथरीकडेही वळते.

विकासाचे टप्पे मोजताना दोन वर्षांपर्यंत सुधारित वय धरावे. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची. पण ही सवलत टप्प्यांपुरती आहे. लसीकरण, डोळे आणि कान यांना जन्मतारीखच लागू होते.

आठवड्यातून किती वेळा थेरपी द्यावी?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि मला वाटते तो चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. आठवड्याचे १६८ तास असतात. केंद्रात मूल त्यातले दोन तास आले तरी पुष्कळ झाले. उरलेल्या तासांत त्याला कोण उचलते, कसे झोपवते, कोणाच्या मांडीवर भरवते, यावर त्याची प्रगती ठरते.

सुरुवातीच्या काळात पेठ तालुक्यातल्या एका आईला मी सात व्यायामांचा झेरॉक्स काढलेला कागद दिला. दीड वर्षाचे, दोन्ही पाय ताठर असलेले मूल होते. आईने मान डोलावली, कागद घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा कागद त्याच पिशवीत, त्याच घडीत होता. मी नाराजी दाखवली. ती काही बोलली नाही, सासूच बोलली : "ताई, पोरीला पाणी भरून, सैपाक करून रोजाला जायचं राहतं. लेकराला मीच धुते." त्या एका वाक्यात माझ्या नियोजनातली चूक उघडी पडली. घरात मुलाच्या अंगाला सर्वांत जास्त वेळ हात लावणाऱ्या माणसाशी मी बोललेच नव्हते.

पुढच्या खेपेला आम्ही आंघोळीपासून सुरुवात केली. आजी पाटावर बसून पाय पसरते, बाळाला पायांवर घेते, तेल लावते. ती जोर लावून गुडघे सरळ करायची आणि बाळ अधिकच ताठ व्हायचे. आधी दोन्ही गुडघे पोटाकडे वाकवून हलके डोलवायचे, अंग सैल पडले की मगच मांड्या बाजूला करायच्या, हे तिच्याच हातावर हात ठेवून दाखवले. मग त्याच बैठकीत बाळाला पायांवर पालथे घ्यायचे, पाठीवर पाणी घालताना समोर तांब्या वाजवायचा, म्हणजे ते मान वर करते. लंगोट बदलताना, झोळीत घालताना, कडेवर घेताना याच हालचाली. कडेवर घेताना पाय एकत्र लोंबकळू न देता कमरेच्या दोन बाजूंना ठेवायचे. एवढ्यात चार व्यायाम झाले, तेही रोज, आणि वेगळा वेळ न काढता. सातही व्यायाम त्या कागदावरून कोणी कधी केले असते असे मला आज वाटत नाही.

म्हणून उत्तर असे : भेटींची संख्या मुलाच्या गरजेवर ठरवा, पण प्रत्येक भेटीचा निम्मा वेळ घरच्या माणसाने तुमच्यासमोर करून पाहण्यासाठी राखून ठेवा. तुम्ही करता आणि ते बघतात, अशी भेट संपली की घरी काहीच जात नाही. एका वेळी एक किंवा दोनच गोष्टी द्या.

प्रत्येक मुलाला प्रत्येक प्रकारचा तज्ज्ञ लागतो का?

तपासणीसाठी अनेकदा लागतो, रोजच्या मार्गदर्शनासाठी नाही. फिजिओने एक सांगायचे, वाचातज्ज्ञाने दुसरे, विशेष शिक्षकाने तिसरे, आणि ते सगळे एका थकलेल्या बाईने घरी एकत्र शिवायचे, हे अन्यायाचे आहे. तज्ज्ञांनी आपसांत बोलावे आणि कुटुंबाशी बोलणारा एक मुख्य माणूस ठरवावा. मुलाची सध्याची मोठी गरज ज्याच्या क्षेत्रात येते त्याने ती जबाबदारी घ्यावी. त्याने आपली हद्द मात्र ओळखावी. गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाचा आहार फिजिओने अंदाजाने ठरवू नये.

पात्रतेबाबत काटेकोर राहावे. विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची राज्य परिषदेकडे. पालकांनी नोंदणी क्रमांक विचारला तर राग मानू नये, तो त्यांचा हक्क आहे.

पालकांना सांगायचे कसे? आम्हाला शब्दच सापडत नाहीत.

बसून सांगावे, दार लावून सांगावे, आणि शक्यतो आईला एकटीला सांगू नये. ती घरी जाऊन तेच सासरी सांगणार असते आणि दोष तिच्याच माथी मारला जाण्याचा धोका असतो. आधी त्यांनी काय पाहिले ते विचारावे. बहुतेक आयांना ते आपल्या आधीपासून ठाऊक असते, फक्त कोणी विचारलेले नसते. मग आपण काय पाहिले ते साध्या शब्दांत सांगावे : "मूल आवाजाकडे वळत नाही, कानाची तपासणी करून घेऊ." अंगणवाडी सेविकेने निदानाचे नाव घेऊ नये, ते तिचे काम नाही. डॉक्टरांनी ते टाळू नये, कारण ते त्यांचे काम आहे.

ग्रहणात काही चिरले म्हणून असे झाले, कोणाची तरी करणी आहे, असे पालक म्हणतील. तिथे वाद घालण्यापेक्षा "यात तुमच्या हातून काही चुकलेले नाही" हे वाक्य स्पष्ट, डोळ्यांत पाहून म्हणावे. त्या वाक्यावर अनेक आया पहिल्यांदा रडतात. त्यांना रडू द्यावे, पुढची माहिती त्यानंतर किंवा पुढच्या भेटीत द्यावी. 'मतिमंद', 'वेडसर' हे शब्द नोंदवहीतही नकोत. 'कधीच चालणार नाही' आणि 'सगळे ठीक होईल' ही दोन्ही वाक्ये टाळावीत, कारण दोन्ही आपल्या ज्ञानाच्या पलीकडची आहेत.

घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) किंवा अहिराणी बोलतात, काही घरांत उर्दू. मुलाचा गोंधळ होतो म्हणून फक्त मराठी बोलायला सांगावे का?

मुळीच सांगू नये. दोन भाषांमुळे वाचा-विलंब होत नाही. आईला जी भाषा आतून येते तिच्यात ती गाते, रागावते, गोष्ट सांगते, आणि बाळाला हवी असते ती हीच भरपूर, जिवंत भाषा. परकी भाषा बोलायला लावली की ती बोलणेच कमी करते. सुरगाणा-पेठमधले मूल 'मराठीत प्रतिसाद देत नाही' असा शेरा मारण्याआधी तपासणी त्याच्या घरच्या भाषेत झाली का, हे पाहावे. मालेगाव, बागलाणकडे काम करणाऱ्यांनी निदान शंभर घरगुती शब्द त्या त्या भाषेतले शिकून घ्यावेत. हा खर्च नाही, तपासणीच्या अचूकतेचा भाग आहे.

द्राक्षांच्या हंगामात कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे कामाला जातात आणि पाठपुरावा तुटतो. काय करावे?

हंगाम अचानक येत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून तोडणीपर्यंत कोणती कुटुंबे जाणार हे गावात ठाऊक असते, म्हणून दसऱ्याच्या आतच प्रत्येक मुलाची योजना पुढच्या सहा महिन्यांसाठी बसवावी. एक जाड पुठ्ठ्याची वही आईजवळ द्यावी आणि तिच्यात तपासण्या, औषधे, पुढच्या तारखा आणि घरी करायच्या दोन गोष्टी चित्रांसह लिहाव्यात. टोळीच्या मुकादमाचा फोन नंबर घ्यावा. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाइल ॲपमध्ये स्थलांतराची नोंद करावी, म्हणजे पोहोचलेल्या गावची अंगणवाडी मुलाला सामावून घेऊ शकते. ते मूल 'आपले' नाही असे तिथल्या सेविकेने म्हणू नये.

बागेत बाळ दिवसभर झोळीत असते. सावली असते, सुरक्षित असते, पण पाठीवर एकाच घडीत. ज्याची मान अजून स्थिरावलेली नाही अशा बाळाला जेवणाच्या सुट्टीत गोधडीवर पालथे घालावे. थोडे बसू लागलेल्या बाळासाठी टोमॅटोचे कॅरेट कामी येते : आत गोधडी, पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जुन्या साडीच्या घट्ट गुंडाळ्या, समोर वाटी-चमचा. दहा-पंधरा मिनिटे, मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच, आणि फवारणी चालू असेल त्या प्लॉटपासून लांब. बाजारातल्या महागड्या खुर्चीची वाट पाहत मूल आडवे राहण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

अंगणवाडी सेविकेने नेमके किती करावे? तिच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे.

हे खरे आहे, आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनी ते आधी मान्य करावे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. तिच्यात तीन गोष्टी आहेत : लवकर ओळखणे, अंगणवाडीच्या रोजच्या कामात सामावून घेणे आणि पुढे पाठवणे. माझ्या मते मधली गोष्ट सर्वांत मोलाची आहे आणि तिच्यासाठी नवे रजिस्टर लागत नाही. नजर कमी असलेल्या मुलाला दाराच्या उजेडाकडे पाठ करून बसवणे, ऐकू कमी येणाऱ्याला गाण्याच्या वेळी आपल्या तोंडासमोर घेणे, न बोलणाऱ्याला खिचडी वाढताना "अजून हवी?" असे विचारून हातवाऱ्यासाठी पाच सेकंद थांबणे, इतके पुरते. सेविकेने व्यायाम द्यावेत अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

मूल कुपोषितही आहे आणि मागेही आहे. आधी काय?

दोन्ही एकदम, कारण ती बहुधा एकाच दोरीची दोन टोके असतात. मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलाला चघळणे-गिळणे कठीण जाते, एका जेवणाला तास लागतो, आई थकते, वजन घटते. वजन वाढत नसेल तर किती देता याआधी कसे भरवता हे पाहावे, आणि शक्यतो प्रत्यक्ष एक जेवण पाहावे. आडवे निजवून वाटीने किंवा बोंडल्याने ओतणे धोक्याचे आहे, कारण अन्न श्वासनलिकेत जाते आणि छातीत वारंवार कफ भरतो. मूल उभ्या बैठकीत हवे, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि खालून. पातळ पाण्यापेक्षा नागलीची दाटसर पेज अनेकांना सोपी जाते, वरून चमचाभर तेल किंवा तूप घातले तर थोड्यात ताकदही मिळते. ठसका, ओला आवाज किंवा वारंवार न्यूमोनिया असेल तर घरगुती बदलांवर न थांबता गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राशिवाय थेरपी सुरू करता येते का?

येते, आणि करावीच. प्रमाणपत्र लाभांसाठी लागते, मदतीसाठी नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मान्य आहेत आणि अनेक योजनांसाठी ४० टक्के ही किमान मर्यादा आहे. लहान मुलांत स्थिती बदलत असल्याने प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते मिळते. एक ते पाच वर्षांच्या मुलाला बौद्धिक अक्षमतेऐवजी 'सार्वत्रिक विकास-विलंब' असे निदान लिहिले जाते, त्यामुळे पालकांना नूतनीकरणाची तारीख वहीत लाल शाईने लिहून द्यावी. स्वमग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळू शकते, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो.

"इंजेक्शनने मूल बरे होईल" असे सांगून लाखो रुपये मागितले, असे पालक सांगतात. आम्ही काय म्हणावे?

स्पष्ट बोलावे. स्वमग्नतेवर मूलपेशी (स्टेम सेल) उपचारांची शिफारस करता येत नाही, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच घेतली आहे. पालक जमीन गहाण ठेवायला निघालेले असतात, अशा वेळी 'तुमची मर्जी' म्हणून हात झटकणे ही तटस्थता नव्हे. कोणी ठरावीक मुदतीत पूर्ण बरे करण्याची हमी दिली, आगाऊ मोठी रक्कम मागितली, किंवा चालू असलेले झटक्यांचे औषध बंद करायला सांगितले, तर तिथून निघावे, असे पालकांना सांगावे. त्याच वेळी आपल्याकडे काय आहे, पुढचे तीन महिने आपण काय करणार आहोत, हेही सांगावे. हात रिकामे दिसले की लोक दुसरीकडे जाणारच.

मुलाचे फोटो आणि व्हिडिओ गटावर टाकावेत का?

लेखी संमतीशिवाय नाही, आणि चेहरा-नाव-गाव दिसेल असे तर संमती असली तरी टाळावे. तपासणीसाठी घेतलेले चित्रीकरण संबंधित तज्ज्ञालाच पाठवावे आणि काम झाल्यावर फोनमधून काढून टाकावे.

प्रगती होते आहे की नाही हे कसे ओळखायचे?

ध्येय घरच्या शब्दांत आणि घरच्या प्रसंगात लिहिले असेल तर ओळखता येते. 'स्नायूंचा ताण कमी करणे' हे कोणाला दिसत नाही. 'आजीच्या मांडीवर पाठ टेकवून बसून, स्वतःच्या हाताने भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेणे' हे घरातल्या प्रत्येकाला दिसते आणि त्याची तारीखही सांगता येते. अशी दोन-तीन ध्येये कुटुंबाने निवडलेली असावीत. आपल्याला चालणे महत्त्वाचे वाटते आणि आईला रात्रीची झोप, तर झोपेपासून सुरुवात करावी.

दर तीन महिन्यांनी एकत्र बसून पाहावे. एखादे ध्येय तीन महिन्यांत तसूभर हलले नसेल, तर 'घरचे करत नाहीत' हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. त्याआधी ध्येय फार मोठे होते का, दाखवलेली पद्धत त्या घरात बसते का, मुलाची काळजी घेणारा माणूस मध्येच बदलला का, हे तपासावे. त्यानंतर डोळे आणि कान पुन्हा तपासून घ्यावेत, रक्तातले लोह पाहावे, झोपेत झटके येतात का ते आईला विचारावे आणि पुढची भेट केंद्रात ठेवण्याऐवजी मुलाच्या घरी ठेवावी, सकाळी आंघोळीच्या वेळी.